झिंगालाला नाचते तरी कोण?

स्नेहसंमेलनाचे दिवस आले की आमच्या नांदगाव खंडेश्वरात अशोकाची झाडं बोडखी होतात. पोरांच्या कमरेला पानं, तोंडाला काजळी, हातात पुठ्ठ्याचा भाला. आणि माईकवरून घोषणा, ‘सादर आहे आदिवासी नृत्य.’ मी एकदा विचारलं, कोणते आदिवासी? ‘सर, आदिवासी म्हंजे आदिवासी. झिंगालाला लावा न, पोट्टे मस्त नाचते!’

दरवर्षी ऐकतो, दरवर्षी चिडतो. झिंगालाला कोणत्याही जमातीचा नाच नाही, तो हिंदी सिनेमाचा आहे. आपल्याच जिल्ह्यात, धारणी-चिखलदऱ्याच्या मेळघाटात, कोरकू राहतात. त्यांच्या नाचात पुरुष धोतर नेसून, पागोटं बांधून ढोल-बासरी वाजवतात आणि लुगड्यातल्या बाया हातात हात गुंफून फेर धरतात. मेळघाटच्या थंडीत पानं नेसून कोण नाचेल, एवढा तरी विचार करावा माणसानं!

कोरकूंच्या या नाचाचं नाव गादली सुसुन. सुसुन म्हणजे नाच. पार झारखंडात, रांचीकडच्या मुंडारी भाषेतही नाचाला सुसुनच म्हणतात. हा योगायोग नव्हे. कोरकूत दोनला बारी, मुंडारीत बारिया. दोन्ही मुंडा कुळातल्या भाषा, आणि कोरकू त्यातली सगळ्यात पश्चिमेची. आपण जिला बिघडलेली हिंदी समजतो, तिचं नातं असं हजार किलोमीटर दूर आहे. कोणाला शंका असेल तर ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा चौथा खंड उघडावा; 1906 साली त्यात कोरकूची नोंद मुंडा भाषांमध्येच झाली आहे.

दुसरं, कोरकूंचं नाचणं निव्वळ करमणुकीचं नव्हे. सातपुड्याच्या मध्य प्रदेशाकडच्या अंगाला कोरकूंचं खंब स्वांग चालतं. नवरात्रापासून देवउठनी एकादशीपर्यंत, रात्र रात्र, रोवलेल्या खांबाभोवती मृदंग-झांजेच्या साथीनं सोंगं होतात. तो खांब मेघनादाचा. रावणाचा पोरगा इथं खलनायक नाही, तारणारा आहे. मेळघाटातही होळीनंतर मेघनाथाची जत्रा भरते. हे ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. पण कोरकूंच्या उत्पत्तीकथेत सातपुडा ओसाड पाहून महादेवाला माणसं घडवायची गळ घालणारा रावणच आहे. महादेव कावळ्याला पाठवून तांबड्या मातीचं वारूळ शोधतो, त्या मातीचे दोन पुतळे करतो. इंद्राचे घोडे ते तुडवतात. पुन्हा करतो, पुन्हा तुडवतात. शेवटी महादेव आधी कुत्रा घडवतो, तो घोडे हाकलतो, तेव्हा कुठं मुला आणि मुलाई ही पहिली जोडी जगते. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 च्या ग्रंथात ही कथा नोंदवली. माणसाआधी कुत्रा! अशी कथा जवळ असताना आपण पोरांना पुठ्ठ्याचे भाले देतो.

बाकीचे गैरसमज उभ्या उभ्या उरकतो. ‘कोरकू म्हणजे गोंडच.’ नाही, गोंडी द्राविडी आहे, तिथं दोनला रंड म्हणतात, तेलुगूत रेंडु. ‘लिपी नाही, म्हणून ती भाषा नाही.’ मग मराठी कोणत्या लिपीमुळे भाषा ठरली, मोडीमुळे की देवनागरीमुळे? ‘आता कोण बोलतं?’ 2011 च्या जनगणनेत सव्वासात लाखांवर लोकांनी मातृभाषा कोरकू सांगितली. ‘आपल्या तालुक्यात आदिवासी कुठं?’ फासेपारध्यांचे बेडे आहेत की! त्यांची बोली गुजरातीच्या जवळची, कोरकूशी तिचा संबंध नाही.

हा आजार फक्त आपलाच नव्हे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वाम्पानोआग लोकांनाही पाहुणे पिसांच्या भल्यामोठ्या मुकुटात शोधतात. तो मुकुट दूरच्या मैदानी जमातींचा. म्हणून वाम्पानोआग कलावंत स्वतःच मंचावर येऊन आपली गाणी, आपल्या कथा सांगतात.

‘कोरकू’ या शब्दाचा अर्थ नुसता ‘माणसं’: कोरू म्हणजे माणूस, कू हा अनेकवचनाचा प्रत्यय. तेव्हा गुरुजी, बाई, यंदा धारणीकडच्या ढोलवाल्यांना बोलवा. येण्याजाण्याचं भाडं द्या, मानधन द्या, आणि माईक त्यांच्याच हातात द्या. अशोकाच्या झाडाला तेवढं सोडा.