ओली काळी माती आणि रुतलेल्या मोटारी

अर्धापूर परिसरातील केळीच्या बागांखालची काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झाली असून, तिच्यात माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज मुबलक असते. या खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि तिचे कातरबल, म्हणजे कणांना एकमेकांवरून घसरू न देणारी ताकद, झपाट्याने घटते. अशा चिखलाने टायरची नक्षी भरली की चाक जागीच फिरते व आपलाच खड्डा खणते, हे येथील ट्रकचालकाला वेगळे शिकवावे लागत नाही.

इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनच्या ब्रिटिश ग्रां प्री शर्यतीला मात्र हा धडा दोनदा गिरवावा लागला. एप्रिल २००० मध्ये पावसाने तेथील गवताळ वाहनतळांचा चिखल झाल्यामुळे ते शनिवारी बंद ठेवावे लागले, तर जुलै २०१२ मध्ये शुक्रवारच्या प्रचंड कोंडीनंतर सार्वजनिक वाहनतळ वापरणाऱ्या प्रेक्षकांना शनिवारी येऊच नका, असे सांगण्याची वेळ आली.

कोंडीचे मूळ रस्त्यात नव्हे, फाटकात असते. एका मोटारीला आत शिरायला पाच सेकंद लागत असतील, तर तासाला ७२० मोटारी सामावतात. चिखलामुळे तोच वेळ वीस सेकंद झाला की केवळ १८० आत जातात आणि उरलेल्यांची रांग महामार्गावर साचते. यावर उपाय म्हणून वाहनतळावर भूवस्त्र, म्हणजे पाणी झिरपू देणारे पण मातीला खडीत मिसळू न देणारे कापड, अंथरून त्यावर खडी दाबली जाते.