सुट्या अ‍ॅलन की : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरच्या अवजारपेटीत सर्वांत लवकर विखुरतात त्या अ‍ॅलन की. काटकोनात वाकवलेली षटकोनी सळई, एवढेच तिचे रूप. जोडणीच्या फर्निचरच्या खोक्यातून एक येते, सायकलसोबत दुसरी, ग्राइंडरसोबत तिसरी. तुर्भ्याला डिसेंबर २०२० मध्ये आयकियाचे दुकान सुरू झाल्यापासून मुंबईच्या आसपासच्या घरांत तर अशा किल्ल्यांची भरच पडत आहे. डबा भरतो, पण हवी ती किल्ली वेळेवर हाती लागत नाही. उत्तनसारख्या समुद्रकाठच्या गावात अडचण आणखी वाढते. खाऱ्या वाऱ्याने किल्लीवर गंज चढतो आणि तिच्यावरचा मापाचा बारीक ठसा दिसेनासा होतो. त्यामुळे तिथे किल्ल्या लावून ठेवणे आणि त्यांना गंजापासून जपणे ही दोन वेगळी कामे राहत नाहीत.

सर्वांत रुजलेला गैरसमज असा, की बोल्टचा आकडा तोच किल्लीचा आकडा. एम ६ हा आकडा बोल्टच्या आट्यांचा व्यास सांगतो, डोक्यातल्या षटकोनी खाचेचे माप नव्हे. नेहमीच्या उंच, गोल डोक्याच्या एम ६ अ‍ॅलन बोल्टला ५ मिमी किल्ली लागते. एम ४ ला ३, एम ५ ला ४, एम ८ ला ६, एम १० ला ८ आणि एम १२ ला १०. डोक्याचा प्रकार बदलला की मापही बदलते. घुमटासारख्या बसक्या डोक्याच्या एम ६ ला ४ मिमी किल्ली चालते, तर पुली शाफ्टवर घट्ट धरणाऱ्या बिनडोक्याच्या एम ६ ग्रब स्क्रूला ३ मिमी. म्हणून कप्प्यावर बोल्टचे नाव लिहू नये, किल्लीचेच माप लिहावे.

‘खाचेत गेली म्हणजे बसली’ हा समज बोल्टचे डोके खराब करतो. अमेरिकेत हार्टफर्डच्या विल्यम अ‍ॅलन यांनी १९१० साली अशा खाचेचे स्क्रू बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. तिथली मापे इंचात होती आणि त्या मापांच्या किल्ल्या आजही जुन्या यंत्रांसोबत व आयात संचांतून घरात येतात. ५/३२ इंच म्हणजे ३.९७ मिमी आणि ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, या दोन ४ आणि ८ मिमीच्या खाचेत जवळजवळ नेमक्या बसतात, आणि तिथेच माणूस फसतो. कारण ३/१६ इंचाची किल्ली ४.७६ मिमीची असते. ५ मिमीच्या खाचेत ती सहज जाते, पण पाव मिलिमीटर ढिली राहते. जोर लावला की सगळा भार खाचेच्या कोपऱ्यांवर येतो, कोपरे झिजतात आणि पुढे योग्य किल्लीही फिरत राहते. इंची किल्ल्या वेगळ्या डब्यात ठेवल्या तरच हा घोळ थांबतो.

माप घ्यायचे ते व्हर्नियरने, समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमध्ये. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत धरले तर ५ मिमीची किल्ली सुमारे ५.७ दाखवते आणि ती ५.५ ची समजून भलत्याच जागी ठेवली जाते. व्हर्नियर नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून एम ४ पासून एम १० पर्यंतचा एकेक नवा अ‍ॅलन बोल्ट आणावा. ज्यात किल्ली न हलता बसेल, त्यावरून तिचे माप कळते.

मापाची हीच चूक किल्ल्या खोचून ठेवायचा ठोकळा बनवताना होते. ५ मिमी किल्लीसाठी ५ मिमीचे भोक पाडले तर किल्ली आत जात नाही, कारण कोपऱ्यांतले अंतर सपाट बाजूंतल्या अंतराच्या सुमारे १.१५ पट असते. ३ मिमी किल्लीला ४ मिमीचे भोक पाडावे, ४ ला ५, ५ ला ६, ६ ला ७.५, ८ ला ९.५ आणि १० ला १२. भोके आरपार असावीत; बंद तळाच्या भोकात ओल साचते. याच कारणाने किल्ल्या स्पंजमध्ये खोचून ठेवणे उत्तनात चुकीचे ठरते. लाकडाऐवजी स्वयंपाकघरातला जाड प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड कापून ठोकळा केला तर तो पाणी धरत नाही. लोहचुंबकाची पट्टी सोयीची खरी, पण तिच्यावर राहिलेल्या किल्लीत चुंबकत्व उतरते आणि टोकाला लोखंडाचा कीस चिकटून खाचेत जातो.

काळ्या किल्लीला गंज धरत नाही, असेही मानले जाते. तो काळा थर अतिशय पातळ असतो आणि त्यावर तेल असेपर्यंतच उपयोगी पडतो. खोबरेल किंवा खाण्याचे तेल काही महिन्यांत चिकट होते. शिलाई मशीनचे तेल बरे. मात्र नुसते तेल पुरत नाही, आणि हा मुद्दा सहसा सुटतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळते, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर ती पातळी नेहमीची. मिठाच्या थरावर तेल चोपडले तर खालून गंज चालूच राहतो. स्टेनलेसची किल्लीही मिठापुढे पूर्ण सुरक्षित नसते. तिच्यावर बारीक खड्डे पडतात.

टोक गोल झालेली किल्ली फेकून देण्याचीही गरज नाही. ग्राइंडरवर झिजलेले दोन-तीन मिलिमीटर काटकोनात उडवले की आतले कोपरे पुन्हा धारदार मिळतात. घासताना टोक वारंवार पाण्यात बुडवावे. धातू निळा पडला तर तिथला कडकपणा गेला. गोळीसारख्या टोकाची किल्ली मात्र अशी दुरुस्त होत नाही. ती तिरकी धरून फिरवता येते, पण तिची मान बारीक असते, त्यामुळे शेवटचा जोर सरळ टोकानेच द्यावा.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि दुरुस्तीची कामे निघतात, तेव्हा या किल्ल्या घराबाहेर पडतात. तिथून परत आलेली प्रत्येक किल्ली आधी गोड्या पाण्याने धुवावी, पुसून पूर्ण कोरडी करावी, तेलाचा हात फिरवावा आणि मगच तिच्या भोकात ठेवावी.