बागेतील खोप आणि तिचे साहित्य

बाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे फुलझाडे, वेलींचे मांडव आणि भाजीचे वाफे उभे राहतात. परंतु कुदळ, खुरपे, झारी, दोरखंड, बियाण्यांचे डबे आणि खतांची पोती यांना निवारा देणारी एखादी लहानशी खोप कोपऱ्यात असल्यावाचून बागेचा संसार नीट चालत नाही. उघड्यावर पडलेल्या कुदळीला एका पावसाळ्यात गंज चढतो, तिचा दांडा कुजतो आणि ओल लागलेले बी पेरूनही उगवत नाही. म्हणून शाळेच्या किंवा घराच्या बागेत खोप बांधताना ती कशाची बांधावी, याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

कोणी म्हणतो पत्रा स्वस्त, कोणी म्हणतो कौलांसारखे सुख नाही, तर कोणी सागवानाचा आग्रह धरतो. आमच्या मते साहित्याची निवड करण्यापूर्वी त्या खोपीला तोंड कशाला द्यावयाचे आहे, हे पाहिले पाहिजे. आमच्या बेळगाव भागात जूनपासून पावसाची झड सुरू होते. चैत्र-वैशाखात ऊन तापते. जमिनीतून वाळवी वर चढते. गोव्याच्या किनाऱ्यावर याच्या जोडीला खारा वारा असतो. या सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पाणी. ते वरून पावसाच्या रूपाने येते, बाजूने झडीच्या रूपाने येते आणि खालून ओल होऊन चढते. यावरून एक साधा नियम निघतो: जोते आणि छप्पर यांत कसर करू नये, काटकसर करावयाची असेल तर ती भिंतीत करावी.

प्रथम जोत्याचा विचार करू. ते भोवतालच्या जमिनीपेक्षा फूट-दीड फूट उंच असावे, म्हणजे वाहते पाणी आत शिरत नाही. त्यासाठी दगडासारखे साहित्य नाही. पठारावर काळा दगड मिळतो. कोकणात, गोव्यात व बेळगावच्या पश्चिमेस जांभा मिळतो. या जांभ्याची गंमत अशी की, खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की हत्याराने त्याचे चिरे सहज पाडता येतात. पुढे हवा लागून सुकला की तो कठीण होतो. फ्रान्सिस बुकॅनन या प्रवाशाने मलबारात लोक या दगडाचे चिरे काढून घरे बांधतात हे पाहिले आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, विटेला असलेल्या लॅटिन शब्दावरून, त्याला ‘लॅटराइट’ असे नाव दिले. आज जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ हेच नाव वापरतात.

आता भिंती. जोते उंच असेल आणि छपराची वळचण भिंतीपुढे हात-दीड हात आलेली असेल, तर पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात व साध्या मातीची भिंतही टिकते. बांबूच्या किंवा कारवीच्या काठ्यांचा कूड विणून त्यावर शेणामातीचा गिलावा देण्याची आपल्याकडची रीत खोपीला अगदी योग्य आहे. खर्च थोडा, आतील हवा थंड, आणि दरवर्षी सारवणे मुलांनाही जमण्यासारखे. झडीच्या बाजूला मात्र कोकणात व गोव्यात करतात त्याप्रमाणे पावसाळ्यापुरती माडाच्या झावळांची झापे बांधावीत. भाजलेल्या विटांची भिंत याहून टिकाऊ खरी. पण अवजारांच्या खोपीला तिची गरज असतेच असे नाही.

लाकूड निवडताना झाडाच्या नावाइतकेच महत्त्व त्यातील भागाला आहे. ओंडका आडवा कापला की मध्ये गडद रंगाचा गाभा व भोवती फिकट कडा दिसते. फिकट भागात झाडाचे अन्न साठलेले असते. म्हणून किडीला तो आवडतो. सागाच्या गाभ्यात वाळवीला न मानवणारी द्रव्ये असतात, आणि सागाची ख्याती या गाभ्यामुळेच आहे. फिकट लाकडाचा साग घेऊन कोणी निर्धास्त राहू नये. आंब्याचे लाकूड स्वस्त. ते आतल्या फळ्यांना चालेल, पण खांबाला नको. बांबू पावसाळा संपल्यावर, तीन वर्षे तरी वाढलेला पाहून तोडावा आणि काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा. त्यातील पिष्ट व साखर धुपून जाते आणि भुंगेऱ्याचा उपद्रव कमी होतो. खांब मात्र कोणत्याही लाकडाचा असो, तो मातीत न पुरता दगडावर उभा करावा. वाळवी मातीच्या नळ्या बांधीत चढते. दगडावरील नळी डोळ्यांना दिसते व झाडून टाकता येते. जमिनीत पुरलेल्या खांबात मात्र ती आतल्या आत शिरते.

छपरासाठी आपल्यापुढे मुख्यतः कौल आणि पत्रा हे दोन मार्ग आहेत. मंगळूर येथे १८६५ साली बाझल मिशनने यंत्रावर कौले करण्याचा कारखाना काढला. तेव्हापासून मंगळुरी कौल आपल्या परिचयाचे झाले. त्याच्या कडांना खाचा असल्यामुळे एक कौल दुसऱ्यात अडकते. आमच्या जवळच्या खानापूरची मातीही कौला-विटांसाठी नावाजलेली आहे. कौलांखाली हवा खेळती राहते आणि एखादे फुटले तर तेवढेच बदलता येते. परंतु त्यांचे वजन ध्यानात घ्यावे. एक चौरस मीटर छपराला साधारण १५ कौले लागतात. एक कौल अडीच किलोचे धरले, तर १२ चौरस मीटरच्या छपराला १८० कौले, म्हणजे सुमारे ४५० किलो भार झाला. आढे, वासे व रिपा तेवढ्या दणकट हव्यात आणि उतारही चांगला हवा.

पत्र्याचे गणित निराळे आहे. अर्ध्या मिलिमीटर जाडीचा पन्हळी पत्रा चौरस मीटरला सुमारे ५ किलो भरतो. तेवढ्याच छपराला ६० किलोंत काम भागते. इतका पातळ पत्रा वाकत कसा नाही? वहीचा एक कोरा कागद दोन पुस्तकांवर पुलासारखा ठेवा. तो मध्ये झुकेल. त्यालाच पंख्यासारख्या घड्या घाला. आता तो पेन्सिलही तोलून धरील. पन्हळीचे बळ ते हेच. या युक्तीचे एकस्व लंडनच्या हेन्री पामर याने १८२९ साली घेतले. पुढे लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याची कृती फ्रान्समध्ये सोरेल याने १८३७ साली नोंदविली. जस्त नुसते पांघरूण घालीत नाही. बारीक ओरखडा पडला तरी ते स्वतः आधी झिजते व लोखंडाला वाचविते. पत्र्याचे खिळे नेहमी पन्हळीच्या उंचवट्यावर मारावेत, खळग्यात मारू नयेत. पाणी खळग्यातून वाहते. खतांची पोती पत्र्याला टेकवून ठेवू नयेत, कारण त्यांतील क्षार ओल शोषून गंज आणतात. खाऱ्या वाऱ्यातही पत्रा लवकर खराब होतो. शिवाय तो उन्हात तापतो आणि थंड रात्री आतून घामेजतो. म्हणून पत्र्याच्या खोपीत बियाणे घट्ट झाकणाच्या डब्यात, भिंतीपासून दूर ठेवावे.

एका साहित्याविषयी मात्र आम्ही स्पष्ट नको म्हणतो. ते म्हणजे ॲस्बेस्टॉस मिसळलेला सिमेंटचा पत्रा. तो गंजत नाही, जळत नाही. म्हणून एके काळी त्याची फार वाहवा झाली, आणि आजही अनेक छपरांवर तो दिसतो. परंतु त्यातील सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुफ्फुसात जाऊन रुततात व कित्येक वर्षांनी कर्करोग उत्पन्न करू शकतात. ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निर्वाळा आहे. कापताना, भोक पाडताना किंवा फुटताना धोका सर्वांत अधिक असतो. तेव्हा नवा पत्रा घेताना तो ॲस्बेस्टॉसविरहित असल्याची खात्री करावी, आणि जुन्या पत्र्याचे तुकडे फुकट मिळाले तरी बागेत आणू नयेत. मुलांनी त्यांना हात लावू नये, त्यांवर दगड मारू नयेत. चार पैसे वाचविण्यासाठी श्वास गहाण टाकणे हा कोठला हिशेब?

सारांश, सर्व ठिकाणी सर्वोत्तम असे एक साहित्य नाही. किनाऱ्यावर जांभ्याचे जोते व कौले शोभतात. कोरड्या पठारावर, जेथे भक्कम वाशांचा खर्च परवडत नाही तेथे, पत्रा चालतो. आणि कुडाची भिंत दोन्हीकडे उपयोगी पडते. घरातील जुनी कौले, उतरविलेले दार, उरलेले दगड हेही आधी तपासून पाहावे. येत्या सुटीत आपल्या गावातील एखादी जुनी खोप निरखून पाहा. तिचे जोते किती उंच आहे, वळचण किती पुढे आली आहे, खांब कशावर उभे आहेत, हे मोजा आणि वहीत टिपून ठेवा. जी खोप अनेक पावसाळे पाहून उभी आहे, तिच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ असते.