नेहमीचा चढउतार की खरा बदल?

२३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात तेरा टक्क्यांहून अधिक कोसळला. माझ्या निवृत्तीच्या पुंजीतला मोठा भाग एका म्युच्युअल फंडात होता. सगळे काढून घ्यावे, असे वाटले. पण आयुष्यभर वर्गात संख्याशास्त्र शिकवले होते. एकदा तरी ते स्वतःसाठी वापरावे म्हणून आलेखाची वही काढली.

हे साधन बाजारातले नव्हे, कारखान्यातले. १९२४ साली अमेरिकेत टेलिफोनची उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यांसाठी वॉल्टर श्यूहार्ट यांनी ‘नियंत्रण आलेख’ मांडला. एकाच हातचा भातही रोज सारखा होत नाही. तसे प्रत्येक प्रक्रियेत थोडे चढउतार असतातच. प्रश्न एवढाच, की आजचा फरक नेहमीचा आहे की त्यामागे शोधण्याजोगे कारण आहे?

फेब्रुवारीपर्यंतच्या ३६ महिन्यांसाठी मी फंडाच्या मासिक परताव्यातून त्याच्या निर्देशांकाचा परतावा वजा केला. निव्वळ परतावा घेतला असता, तर बाजाराचा गोंधळच मोजला गेला असता. या फरकांची सरासरी आली ०.१ टक्का, प्रमाण विचलन ०.८. सरासरी ही मध्यरेषा. तिच्या वर-खाली तीन विचलने, म्हणजे +२.५ आणि −२.३, या मर्यादा. वितरण प्रसामान्य असेल, तर स्थिर प्रक्रियेत सुमारे ३७० बिंदूंपैकी एकच त्यांच्याबाहेर पडतो.

महिनाअखेरपर्यंत थांबले. मार्चचा बिंदू −१.४ वर, मर्यादेच्या आतच होता. फंड बाजाराबरोबर पडला होता. त्याची स्वतःची चाल बदललेली दिसत नव्हती. बाजार सावरेल का, हे आलेख सांगत नव्हता. पण फंडाला दोष देऊन बाहेर पडण्याचे कारण उरले नाही.

खरा इशारा दोन वर्षांनी, गाजावाजा न करता आला. एकही बिंदू मर्यादेबाहेर नव्हता, पण सलग आठ मध्यरेषेखाली होते. ठरावीक आठ महिन्यांत निव्वळ योगायोगाने असे घडण्याची शक्यता साधारण २५६त १. चौकशी केली, तर फंडाचा व्यवस्थापक बदललेला. विचार करून पैसे हलवले.

एक सावधगिरी हवी. बाजारातले मोठे धक्के प्रसामान्य वितरणाच्या अंदाजापेक्षा अधिक वेळा येतात. म्हणून मर्यादा ओलांडली, की ‘विका’ असे नव्हे, ‘विचारा’ असे समजावे.

शिक्षकांना हे नवे नाही. एका चाचणीत घसरलेल्या मुलाची आपण फार काळजी करतो आणि दर महिन्याला थोडाथोडा मागे पडणारा नजरेतून सुटतो.