एवढी पेनं कशाला गं?

मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत माझ्या पिशवीत शिक्का सापडेना, म्हणून मी सगळी पिशवी सतरंजीवर उलटी केली. पासबुकं, छत्री, पाण्याची बाटली आणि त्यातच पत्र्याचा एक जुना कंपास. कंपास उघडला आणि अकरा पेनं गडगडत बायांच्या मध्ये गेली. सगळ्यांनी एकेक उचलून हातात दिली. त्यातल्या एक काकू, आमच्या गटाच्या सगळ्यात जुन्या सभासद, हातातलं हिरवं पेन फिरवत म्हणाल्या, "एवढी पेनं कशाला गं? लिहायला हात तर एकच लागतो."

प्रश्न बरोबरच होता. घरात चार विळ्या असल्या तर कुणी विचारत नाही, कारण भाजीची वेगळी, माशाची वेगळी, नारळाची वेगळी. पेनाचंही तसंच असतं हे मला तिथं दोन वाक्यांत सांगता आलं नाही. म्हणून आज सांगते.

माझी सुरुवात वडिलांच्या पेनापासून झाली. मरून रंगाचं, सोनेरी टोपणाचं हीरो. तुमच्यापैकी अनेकींनी ते घरात पाहिलं असेल, कुणाच्या तरी सदऱ्याच्या खिशाला. हे पेन चीनमधल्या शांघायचं. त्याची निब बाहेर दिसत नाही, नुसतं टोक डोकावतं. ही पद्धत हीरोची स्वतःची नव्हे. अमेरिकेतल्या पार्कर कंपनीनं १९४१ साली 'पार्कर ५१' नावाचं झाकलेल्या निबेचं पेन बाजारात आणलं आणि हीरोवाल्यांनी त्याचा आकार उचलला. झाकलेल्या निबेचा फायदा असा की टोपण थोडा वेळ उघडं राहिलं तरी शाई लगेच वाळत नाही. वडील बोलता बोलता पेन उघडं धरून बसायचे, त्यांना ते बरं पडायचं.

त्या पेनाला आम्हा मुलींनी हात लावायचा नाही असा घरात नियम होता. कारण काय, तर दुसऱ्याच्या हातानं निब बिघडते. दहावीच्या परीक्षेला ते पेन भावाला मिळालं. मी दहावीला बसले तेव्हा मला दुकानातून बॉलपेन आणून दिलं, पांढऱ्या दांड्याचं, निळ्या टोपणाचं रेनॉल्ड्स. त्यानं मी चांगले मार्क मिळवले, ती गोष्ट वेगळी. पण निब खरंच बिघडते का, हा प्रश्न डोक्यात राहिला, आणि त्याचं उत्तर शोधता शोधता मी या छंदात पडले.

तर उत्तर असं आहे. निब म्हणजे पोलादाचा किंवा सोन्याचा पातळ पत्रा. मध्ये चीर असते, त्यामुळे टोकाला दोन पाकळ्या होतात. दोन्ही पाकळ्यांच्या टोकावर अगदी कठीण धातूचा बारीक दाणा जोडलेला असतो. कागदावर घासतो तो हा दाणा. माणूस ज्या तिरपेपणानं पेन धरतो, त्या बाजूनं दाणा हळूहळू घासून गुळगुळीत होतो. पण तो इतका कठीण असतो की त्याला कितीतरी वर्षं लागतात. एका दिवसात दुसऱ्याच्या हातानं काही होत नाही. पेन बिघडतं ते दाबल्यानं. दाबलं की पाकळ्या फाकतात, मग शाई धड उतरत नाही. म्हणजे वडिलांचं म्हणणं निम्मं खरं होतं. जोर लावणाऱ्या हातानं निब बिघडते, आणि तो हात मुलीचाच असतो असं काही नाही.

शाई निबेपर्यंत येते कशी, हेही बघण्यासारखं आहे. समईतली वात तेल वर ओढते, तसंच इथं होतं. निबेखाली एक काळी पट्टी असते, तिला जीभ म्हणतात. तिच्यावर केसासारख्या बारीक चिरा असतात आणि त्या चिरांतून शाई निबेकडे ओढली जाते. पण आत हवा गेल्याशिवाय शाई बाहेर येणार नाही. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडत अडत येतं, म्हणून आपण दुसरं भोक पाडतो, तसंच. जिभेतून एकीकडे शाई खाली येते, दुसरीकडे हवा वर जाते. हे गणित जमायला माणसाला फार काळ लागला. त्याआधी बोरू होता, मग टाक आणि दौत आली, आणि दर चार शब्दांनी टाक बुडवावा लागायचा. अमेरिकेत लुईस वॉटरमन यानं १८८४ साली या जिभेचं पेटंट घेतलं आणि खिशात घालून फिरता येईल असं भरवशाचं शाईपेन चालू झालं.

याच गणितामुळे एक तक्रार कायमची असते, की पेन गळतं. आणि ते भरलेलं असताना नव्हे, संपत आल्यावर गळतं. शाई कमी झाली की नळीत हवा जास्त होते. हाताच्या उबेनं ती हवा फुगते आणि उरलेल्या शाईला बाहेर ढकलते. म्हणून थेट नळीत शाई भरायचं पेन पाऊण रिकामं झालं की पुन्हा भरावं. हे मला कळेपर्यंत माझे दोन ब्लाउज गेले.

आता ते हिरवं पेन, जे काकूंच्या हातात होतं. ते एबोनाइटचं आहे. रबरात भरपूर गंधक घालून ते तापवत ठेवलं की दगडासारखं कडक होतं, तेच एबोनाइट. लेथवर कातून त्याची पेनं करतात. धातूचं पेन थंडीत हाताला गार लागतं, एबोनाइट तसं लागत नाही. ते हातात धरल्यावर उबदार वाटतं आणि घामानं निसटत नाही. नवं असताना घासलं तर गंधकाचा वास येतो. काहींना तो आवडत नाही, मला आवडतो.

अशी पेनं करण्यात आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रीचं नाव मोठं आहे. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगवलेली गोदावरी समुद्राला मिळायच्या आधी या गावाजवळून जाते. तिथं १९३०च्या सुमारास के. व्ही. रत्नम यांनी पेनं करायला सुरुवात केली. स्वदेशीचे दिवस होते आणि बाजारात चांगलं पेन म्हणजे परदेशी पेन. महात्मा गांधी तेव्हा वर्ध्याला होते. ग्रामोद्योग संघाचं काम तिथून चालायचं आणि जे. सी. कुमारप्पा ते बघायचे. रत्नम यांचं पेन गांधीजींपर्यंत पोचलं. त्यांनी ते वापरून पाहिलं आणि जुलै १९३५ मध्ये वर्ध्याहून रत्नम यांना पत्र लिहून कळवलं की परदेशी पेनांच्या जागी हे चालेल. पेनं जमवणारी माणसं हा किस्सा फार आवडीनं सांगतात. मला त्यात आवडतं ते असं, की गांधीजींनी आधी वापरून पाहिलं आणि मग लिहिलं. आपल्या गटाचा मसाला चाखून न बघताच 'छान उपक्रम' म्हणणारे पाहुणे आपण पाहतोच. रत्नम यांच्या घरात अजून हातानं पेनं होतात.

महाराष्ट्रातही हा धंदा जुना आहे. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईची भुकटी आणि गोळ्या करायला सुरुवात केली. तीच पुढे कॅम्लिन कंपनी झाली. उंटाचं चित्र असलेली शाईची बाटली आपल्या शाळेच्या कपाटात असायची ना, तीच. मुंबईच्या एअरमेल कंपनीची 'वॅलिटी' पेनंही जमवणाऱ्यांची लाडकी आहेत. माझ्याकडे एक आहे, आरपार दिसणारं. आतली शाई हलताना दिसते आणि माझी धाकटी ते उगीचच उलटसुलट करत बसते.

जमवणाऱ्यांच्या तऱ्हा पुष्कळ. कुणी एकाच कंपनीची पेनं जमवतं, कुणी एकाच रंगाची. सोन्याच्या निबेची, हजारो रुपयांची पेनं घेऊन ती कपाटात ठेवणारेही आहेत. तो मार्ग माझा नाही. माझ्याजवळची बहुतेक पेनं शंभर-दीडशेच्या आतली आहेत आणि तीन तर आठवडी बाजारातल्या भंगाराच्या ढिगातून आलेली. ज्यानं मी लिहीत नाही ते पेन मी ठेवत नाही, एवढा एकच नियम.

भंगारातलं पेन घरी आणलं की पहिला आनंद धुण्याचा. सुटं करून रात्रभर साध्या पाण्यात ठेवायचं. गरम पाणी वापरायचं नाही, एबोनाइटचा रंग उडतो. सकाळी वाटीत बघितलं तर निबेतून निळा धागा पाण्यात उतरलेला असतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी भरलेली शाई असते ती. त्यानं शेवटचं काय लिहिलं असेल, असा विचार मनात येतोच. मग पाणी बदलायचं, पुन्हा ठेवायचं. तीन-चार दिवसांनी पाणी स्वच्छ राहिलं की पुसून शाई भरायची आणि पहिली रेघ ओढायची. ती रेघ उमटली तर त्या दिवशी माझा स्वयंपाकसुद्धा चांगला होतो असं घरचे म्हणतात.

पण मैत्रिणींनो, इथं सचिवताईंसाठी एक गोष्ट थांबून सांगते. शाईपेन कितीही आवडलं तरी गटाचं इतिवृत्त त्यानं लिहू नका. मी लिहीत होते. एका पावसाळ्यात पिशवी भिजली आणि दोन महिन्यांच्या बैठका निळ्या ढगासारख्या पानभर पसरल्या. त्याच पानांवर अध्यक्षताईंच्या बॉलपेनच्या सह्या मात्र जशाच्या तशा. साधी निळी शाई पाण्यात विरघळते. बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट असते, पाण्याला दाद देत नाही. हंगेरीचा लाझ्लो बिरो हा वर्तमानपत्रातला माणूस. त्यानं रसायनं जाणणाऱ्या आपल्या भावाला सोबत घेऊन ही युक्ती जमवली आणि १९३८ साली पेटंट घेतलं. टोकाला फिरती गोळी आणि मागे घट्ट शाई. हिशेबाच्या वहीला तेच बरं. दुसरं, हल्ली मुलांकडे घासून पुसता येणारी पेनं असतात. त्यांची शाई उष्णतेनं नाहीशी होते, साधारण साठ अंशांना. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत वही राहिली तरी पान कोरं होऊ शकतं. कधी चुकून तसं झालंच, तर ते पान बर्फाच्या कप्प्यात ठेवून बघा, पुष्कळदा अक्षर परत उमटतं. पण ठरावावर, चेकवर किंवा कर्जाच्या कागदावर सही करताना समोरच्यानं पुढे केलेलं पेन घेऊ नका. स्वतःचं काढा.

आपल्या जुन्या लोकांची पक्की शाई कशाची होती माहीत आहे? हिरडा आणि हिराकस यांची. लोखंडी विळीवर कच्ची केळी चिरली की बोटं काळी पडतात आणि दोन दिवस निघत नाहीत. तीच ही करामत. हिरड्याचा तुरटपणा आणि हिराकशीतलं लोखंड एकत्र आलं की काळं होतं आणि कागदात मुरतं. मात्र अशी शाई पेनात वाळू दिली तर निब खाते, म्हणून वापरली तर पेन वेळच्या वेळी धुवावं.

आता काकूंकडे येते. साक्षरता वर्गात त्या सही शिकल्या, पण पुढे लिहीत नव्हत्या. म्हणायच्या, बोटं दुखतात. खुरपं धरून धरून सांधे आखडलेले. त्यात बॉलपेन उभं धरून दाबावं लागतं, आणि आपण सगळ्याच जणी शिकताना इतकं दाबतो की खालच्या तीन पानांवर वळ उठतात. शाईपेनाचं उलट असतं. ते आडवं कलतं धरायचं आणि अजिबात दाबायचं नाही, कागदावर नुसतं टेकवलं की शाई उतरते. त्या दिवशी मी काकूंना हिरव्या पेनाचं टोपण काढून दिलं आणि सांगितलं, पोळीवर तूप फिरवता ना, तेवढाच हात. त्यांनी नाव लिहिलं. मग गावाचं नाव लिहिलं. मग म्हणाल्या, "हे घरी नेऊन बघते."

वडिलांचं हीरो आता माझ्याकडे आहे. भावाला त्याची गरज उरली नाही, वडीलही राहिले नाहीत. त्यांनी तीस वर्षं त्याच एका पेनानं लिहिलं, त्यामुळे दाणा एका बाजूनं झिजलाय. मी माझ्या पद्धतीनं धरलं तर कागदावर खरखरतं. थोडं डावीकडे कलतं केलं, ते धरायचे तसं, की लोण्यासारखं चालतं. मी वर्षभर तसं धरायला शिकतेय.

कंपासात सध्या दहाच पेनं आहेत. हिरवं परत आलेलं नाही. काकूंचा नातू मनात येईल तेव्हा दुधाचा हिशेब लिहायचा, आता त्या स्वतः लिहितात, सकाळचं किती लिटर, संध्याकाळचं किती, फॅट किती. परवा त्याच नातवाकडून निरोप आला, शाई संपली. उद्या त्यांच्या वाडीला बैठक आहे, जाताना बाटली आणि ड्रॉपर घेऊन जाणार आहे.