पन्नासास एक: आउटबोर्डच्या तेलाचा मागोवा

ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकीत १९०९ साली आउटबोर्डचा, म्हणजे होडीच्या मागे बसवायच्या मोटरचा, धंदा सुरू केला. पुढची अनेक दशकं टू-स्ट्रोक आउटबोर्डला ऑइल देण्याची सर्रास रीत एकच होती: ते पेट्रोलमध्ये मिसळायचं. कार्बोरेटरमधून आलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये शिरतं आणि मग सिलिंडरमध्ये जातं. त्या वाटेवरच बेअरिंगना आणि पिस्टनला वंगण मिळतं. चेतक स्कूटरच्या टाकीत टू-टी ऑइल पडायचं, तेही याचसाठी.

आधी ऑइल सढळ हाताने घालत. साठच्या दशकात ऑइलचा दर्जा सुधारला आणि पन्नासास एक हे प्रमाण रुळलं: २० लिटर पेट्रोलला ४०० मिलिलिटर. धूर घटला, प्लगवर काजळी कमी धरू लागली. पण टाकीत थोडं पेट्रोल शिल्लक असताना हिशोब जमवणं आणि हलत्या होडीत माप धरणं, ही कटकट तशीच राहिली.

मोटरसायकलींत यामाहाने १९६४ मध्येच ‘ऑटोल्यूब’ आणून ती मिटवली होती. आउटबोर्डमध्ये मोठी घडामोड झाली १९८४ च्या मॉडेलांत. जॉन्सन आणि एव्हिनरूड मोटरी बनवणाऱ्या ओएमसीने ‘व्हीआरओ’ पंप बसवला. ऑइलची टाकी वेगळी झाली. पूर्ण वेगात पन्नासास एक, मंद चालीत सुमारे दीडशेस एक, असं प्रमाण पंपच राखू लागला. ऑइल वाचलं, धूर आणखी घटला.

तरीही अनेक मालकांनी तो पंप बंद करून पुन्हा ऑइल मिसळायला सुरुवात केली. त्यांची भीती रास्त होती. मिसळलेलं पेट्रोल संपलं तर इंजिन बंद पडतं, एवढंच. पंपाने दगा दिला किंवा नळीत हवा शिरली, तर पेट्रोल येत राहतं, ऑइल येत नाही आणि पिस्टन जाम होतो. सुरुवातीच्या पंपांची धोक्याची सूचनाही अपुरी होती. ती पुढे सुधारली.

नव्वदच्या दशकात प्रदूषणाचे नियम कडक झाले. मर्क्युरीचं ऑप्टिमॅक्स आणि ओएमसीचं फिक्ट यांसारख्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाऊ लागलं. ते क्रँककेसमधून जातच नाही, त्यामुळे तिथे ऑइल वेगळंच पोचवावं लागतं. या इंजिनांपुरता वाद संपला. मग फोर-स्ट्रोक वरचढ ठरले आणि २०२० मध्ये एव्हिनरूडचं उत्पादन थांबलं.

कार्बोरेटरची जुनी टू-स्ट्रोक मोटर जवळ असेल, तर माझा कौल असा: छोट्या मोटरीला मिसळलेलं पेट्रोलच बरं. मोठ्या मोटरीचा पंप नीट चालत असेल, तर तो ठेवावा. पण ऑइलच्या टाकीवर पातळीची खूण करावी, दर फेरीनंतर ती किती उतरली ते पाहावं आणि अलार्म वाजतो का ते तपासावं. पातळी उतरत नसेल, तर मोटर तशीच चालवू नका.