समृद्धीवर जाण्याआधी ब्रेक पॅड पाहिले का? छोट्या गाडीसाठी सोपी तपासणी

वाशीम : कारंजा तालुक्यातील धनज परिसरात एकच छोटी गाडी दोन अगदी वेगळ्या रस्त्यांवर धावते. एरवी ती बाजाराला, पाहुण्यांकडे किंवा वावराच्या रस्त्यानं ताशी ३०-४० किलोमीटरनं जाते. नागपूरला दवाखान्याचं काम निघालं की तीच गाडी समृद्धी महामार्गाला लागते. कारंजा तालुक्यातून जाणाऱ्या या महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला आहे. सपाट भागात कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे.

समृद्धीवर जाताना टायर बघायची सवय आता अनेकांना लागली आहे. ब्रेक पॅड मात्र चाकामागे दडलेले असतात. गावात ब्रेक नीट लागतो म्हणून ते ठीकच असतील, असं समजणं धोक्याचं आहे.

वेग दुप्पट, उष्णता चौपट

ब्रेक दाबला की गाडीच्या वेगातली ऊर्जा घर्षणानं उष्णतेत बदलते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. माणसांसह एक हजार किलोची गाडी ताशी १२० वरून थांबवताना जेवढी उष्णता तयार होते, तेवढ्यात सुमारे पावणेदोन लिटर साधं पाणी उकळेल. जोरात ब्रेक मारला तर ही सगळी उष्णता जेमतेम पाच सेकंदांत तयार होते आणि तिचा मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर येतो.

अंतराचंही तसंच आहे. कोरडा रस्ता आणि चांगले टायर असतील, तर ताशी ६० च्या वेगाला ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत साधारण २० मीटर लागतात. ताशी १२० ला हेच अंतर ८० मीटरच्या आसपास जातं. त्याआधी पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते.

पातळ पॅडचा धोका काय?

पॅडचा थर पातळ झाला की उष्णता लवकर आत, ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ‘डॉट ३’ प्रकारचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही हद्द १४० अंशांपर्यंत खाली येते. ऑइल उकळलं की त्यात वाफ होते, पेडल मऊ पडून खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. गावातल्या वेगात इतकी उष्णता सहसा होतच नाही, म्हणून दोष लक्षात येत नाही.

घरी कसं तपासाल?

बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. पॅड पुढच्या चाकांत असतात. गाडी सपाट, टणक जागेवर उभी करा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा, मग जॅक लावून चाक काढा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.

डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. त्यात एक पॅड बाहेरून, एक आतून असतो. मोबाइलच्या उजेडात दोन्ही पाहा, कारण आतला पॅड अनेकदा जास्त झिजतो. मागची लोखंडी पट्टी सोडून फक्त घासणारा थर मोजा. नवा थर साधारण १० मिलिमीटर असतो. ३ मिलिमीटर उरला की पॅड बदला.

आवाजाकडेही लक्ष द्या. ब्रेक लावताना सतत ‘चीं’ असा आवाज आला, तर पॅड संपत आल्याची ती सूचना असू शकते. ‘घर्र’ आवाज म्हणजे लोखंड लोखंडाला घासत असण्याची शक्यता; अशी गाडी महामार्गावर नेऊ नका. पावसानंतर सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला येणारी खरखर मात्र डिस्कवरच्या हलक्या गंजाची असते. ब्रेक ऑइलची पातळी कमी झाली असेल, तर नुसतं ऑइल ओतून मोकळे होऊ नका. पॅड झिजल्यामुळेही पातळी उतरते. गळती आहे का, तेही पाहा.

बदलताना गॅरेजमध्ये काय पाहाल?

- पॅड दोन्ही पुढच्या चाकांचे एकत्रच बदला. एकाच बाजूचे बदलले तर गाडी एका बाजूला ओढते.
- डिस्कची जाडी मोजायला सांगा. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते.
- सोडवलेला कॅलिपर रबरी पाइपवर लटकू देऊ नका. तारेनं बांधायला सांगा.
- पॅडची भुकटी हवेच्या पाइपनं उडवू नये. ती श्वासात जाते. ओल्या फडक्यानं किंवा ब्रेक क्लीनरनं पुसावी.
- पॅड आणि डिस्कच्या घासणाऱ्या भागावर ग्रीस किंवा ऑइलचा हात लागता कामा नये.
- ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल, तर तेही बदलून घ्या आणि हवा काढून घ्या.

गाडी हलवण्याआधी

नवे पॅड बसवल्यावर पहिला ब्रेक पोकळ जातो, कारण पिस्टन मागे दाबलेला असतो. म्हणून गाडी उभी असतानाच पेडल कडक होईपर्यंत चार-सहा वेळा दाबा. त्यानंतर रिकाम्या रस्त्यावर कमी वेगात ब्रेक तपासा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर उगाच जोराचा ब्रेक मारू नका. पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसायला तेवढा वेळ लागतो.

म्हणजेच, नागपूरला उद्या पहाटे निघायचं असेल तर पॅड आज संध्याकाळी बदलून चालणार नाही. दर १० हजार किलोमीटरला चाक काढून पॅड पाहून घेतले, तर अशी घाई करण्याची वेळच येत नाही.